लाहीचा जोंधळा निवडण्याआधी ओल सारखी करा

एकाच पोत्यातला जोंधळा दोन घरांत नेऊन फोडला, तर एका घरी सूपभर पांढऱ्याशुभ्र लाह्या निघतात आणि दुसऱ्या घरी कढईच्या तळाशी निम्मे गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, उरतात. बी तेच, जात तीच. फरक पाडला तो दाण्यातल्या ओलीने, कढईच्या आचेने आणि मळणीत दाण्याला बसलेल्या माराने. लाहीसाठी जोंधळ्याचा वाण निवडायला किंवा नवा तयार करायला जो बसतो, त्याची पहिली चूक इथेच होते. ज्या कणसाच्या लाह्या छान फुटल्या त्याचं बी तो पुढच्या वर्षी पेरतो. पण त्या कणसात ओल योगायोगाने नीट मुरलेली असते, आणि ओल काही बियातून पुढच्या पिढीत उतरत नाही. तीन-चार हंगाम असे गेले की माणूस म्हणतो, ‘लाहीचा गुण टिकतच नाही.’ गुण टिकतो. आपण तो मोजलेलाच नसतो.

आपल्या बेळगावच्या भागात हे काम व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. खानापूरच्या बाजूला भाताच्या लाह्या चालतात, पण अथणी, रायबाग, सौंदत्तीच्या काळ्या रानात लाही म्हटली की जोंधळ्याचीच. नागपंचमीला लाह्या आणि लाह्यांचं पीठ मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या घरांत लागतं. कन्नडमध्ये त्या पिठाला अळ्ळिट्टु म्हणतात आणि लाह्यांच्या जोंधळ्याला ‘अळ्ळिन जोळ’ असं वेगळं नावच आहे. म्हणजे भाकरीचा शाळू वेगळा आणि लाहीचा जोंधळा वेगळा, हे आपल्या माणसांना फार आधीपासून माहीत आहे. ऊस वाढला, जोंधळ्याचं रान घटलं, आणि त्यातही टपोऱ्या दाण्याला बाजार असल्यामुळे बारीक दाण्याचे हे वाण बांधाकडेला गेले. जे उरलेत त्यांत भाकरीच्या शाळूची सरमिसळ झालेली असते.

दाणा फुटतो कसा हे आधी नीट समजून घ्यावं, कारण निवडीचे सगळे निकष त्यातूनच येतात. दाण्याच्या आत पाणी असतं. बाहेरची साल ते कोंडून धरते. आच लागली की ते पाणी उकळबिंदूच्या बरंच पुढे जातं, पण त्याला वाफ व्हायला जागा मिळत नाही. आतला स्टार्च मऊ होतो, दाब वाढत जातो, आणि एका क्षणी साल फाटते. दाब एकदम सुटला की मऊ स्टार्च फेसासारखा फुगतो आणि लगेच थंड होऊन तसाच घट्ट होतो. मक्याच्या लाहीत साल फाटते ती १८० अंश सेल्सिअसच्या आसपास. जोंधळ्याचं तत्त्व तेच, फक्त दाणा लहान असल्यामुळे सगळं पटकन घडतं आणि चुकीला वाव कमी राहतो.

आता दाणा ब्लेडने उभा कापून बघा. बाहेरच्या कडेला काचेसारखा, किंचित पारदर्शक, कडक भाग दिसेल आणि मधोमध खडूसारखा पांढरा पिठूळ भाग. लाहीला हवा तो काचेसारखा भाग. त्यात स्टार्चचे कण प्रथिनांत घट्ट बसलेले असतात, मध्ये हवा नसते, त्यामुळे वाफेला वाट सापडत नाही. पिठूळ भागात कणांच्या मध्ये पोकळी असते. तिथे वाफ पसरते, दाब बनत नाही, आणि दाणा फुटण्याऐवजी नुसता भाजून निघतो. खालच्या टोकाला मोड, म्हणजे ज्यातून कोंब फुटतो तो भाग, असतो. तो जितका मोठा तितकी फुगायला जागा कमी.

हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेत भारतातल्या जोंधळ्याचे ३,६८२ नमुने लाहीसाठी तपासले गेले. ते काम १९८२ साली प्रसिद्ध झालं. त्यांतले फक्त ३६ चांगले ठरले. त्या ३६ मध्ये सारखेपणा काय होता? दाणा लहान, आतला भाग कडक, साल मध्यम जाडीची, आणि बाकी दाण्याच्या मानाने मोड फार लहान. मध्यम जाडीची साल का? फार पातळ साल मळणीत लवकर तडकते, फार जाड आणि खडूसारखी असली तर ती लाहीला चिकटून राहते आणि जिभेला लागते.

मालदांडी, म्हणजे एम ३५-१, हा आपला राजा शाळू. १०० दाण्यांचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरीला तोड नाही. पण लाहीला तो मोठाच पडतो. लाहीच्या वाणात १०० दाणे दोन ते अडीच ग्रॅमचे असले तर बरं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ हा वाण दिला आहे, जसा पापडांसाठी ‘फुले रोहिणी’ आणि हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’. तुलनेला एक ठरावीक माप म्हणून ‘फुले पंचमी’चं बी प्रत्येक चाचणीत ठेवावं. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

ज्याच्याकडे थोडं रान आणि थोडा वेळ आहे, त्याने थेट संकराला हात घालू नये. आधी गावठी लाहीच्या जोंधळ्यातून निवड करावी. गावठी वाण म्हणजे अनेक शुद्ध ओळींचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या उतरणाऱ्या वंशांचं, मिश्रण असतं. त्यातली चांगली ओळ वेगळी काढायला नवं काही घडवावं लागत नाही. उभ्या पिकातून, मधल्या भागातली, कडेची नव्हे, २०० ते ३०० कणसं घ्यावीत. कडेच्या झाडांना जागा, ऊन आणि ओलावा जास्त मिळतो, त्यांचा दाणा फसवतो. प्रत्येक कणसाला क्रमांक. प्रत्येक कणसातले पाच-सहा दाणे कापून बघायचे आणि कडकपणाला १ ते ५ गुण द्यायचे: १ म्हणजे जवळजवळ सगळा काचेसारखा, ५ म्हणजे सगळा पिठूळ. ३ च्या पुढचं कणीस तिथेच बाद. एवढ्या एका पायरीत काम खूप हलकं होतं आणि चुलीला हातही लागत नाही. उरलेल्यांचं बी पुढच्या रब्बीत कणीस-ओळ पद्धतीने पेरायचं, म्हणजे एका कणसाची एक ओळ, ४५ बाय १५ सेंटिमीटरवर, आणि दर दहा ओळींनंतर एक ओळ ‘फुले पंचमी’ची व एक मालदांडीची.

निसवताना प्रत्येक ओळीतल्या चार-पाच कणसांना फुलोरा सुरू व्हायच्या आधी बटर पेपरच्या पिशव्या चढवायच्या. जोंधळा बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, पण सरासरी पाच ते पंधरा टक्के दाणे शेजारच्या परागाने धरू शकतात. कणीस मोकळं-विस्कटलेलं असेल तर आणखी जास्त. लाहीच्या गावठी जोंधळ्याची कणसं बऱ्याचदा मोकळीच असतात. शेजारी मालदांडी फुलोऱ्यात असेल तर तिचा पराग येणारच. पिशवी दोन-अडीच आठवड्यांनी काढावी. फार दिवस ठेवली तर आत दमटपणा साचून दाण्यावर बुरशी येते आणि मावा आत आरामात वाढतो. काढल्यावर पाखरांची राखण आलीच, बारीक दाण्यावर चिमण्या तुटून पडतात.

गावठी निवडीतून लाही चांगली मिळते, पण झाड उंच, लोळणारं, कणसात दाणा कमी. कडब्याचा हिशेब आपल्याकडे दाण्याइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून पुढे संकर करावासा वाटतो: एका बाजूला लाहीची चांगली ओळ, दुसऱ्या बाजूला मालदांडी किंवा विजयपूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला एखादा रब्बी वाण. दोघांचा फुलोरा एका वेळी यावा म्हणून उशिरा येणारा आधी पेरायचा, आणि दुसरा आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. रब्बी जोंधळा दिवसाच्या लांबीला संवेदनशील असतो, त्यामुळे नुसत्या ‘इतक्या दिवसांत फुलतो’ या आकड्यावर विसंबू नये.

जोंधळ्याचं फूल हाताळायला सूक्ष्म आहे, पण जमतं. कणीस वरून खाली फुलत येतं; सगळं फुलायला सहा ते नऊ दिवस लागतात. वरचा थोडा भाग फुललेला दिसला की दुपारी तीननंतर बसायचं. फुललेला वरचा भाग कात्रीने काढून टाकायचा, अगदी खालचाही काढायचा, आणि उद्या-परवा उमलणारी ३० ते ५० फुलं मधे ठेवायची. फुलं जोडीने असतात: एक देठ नसलेलं, त्यात दाणा धरतो, दुसरं देठाचं, त्यात फार तर पराग असतो. देठाची सगळी खुडून टाकायची. मग बिनदेठाच्या फुलाच्या मध्यावर बाजूने बारीक सुई घालून तूस किंचित उचलायचं आणि आतले तीन परागकोश एकेक करून बाहेर ओढायचे. तीन म्हणजे तीन. दोन निघाले आणि एक आत राहिला तर तो उद्या सकाळी फुटून सगळ्या कणसावर पराग पाडील. एखादा परागकोश सुईखाली फुटला आणि पिवळी पूड दिसली, तर ते फूल काढून टाकायचं आणि सुई स्पिरिटने पुसायची. काम झालं की पिशवी. दोन-तीन दिवसांत पिसासारख्या कुक्षी बाहेर आल्या की, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला नराच्या पिशवीतला ताजा पराग घेऊन टाकायचा. पराग दोन-चार तासांत निकामी होतो, उद्यासाठी ठेवता येत नाही.

खरा संकर झाला की नाही हे पहिल्या पिढीतच कळावं, यासाठी आई-बाप निवडतानाच एक खूण धरावी. कुसळ नसणं हा प्रभावी गुण आहे. कुसळं असलेली ओळ मादी आणि बिनकुसळाची नर घेतली, तर पुढच्या हंगामात कुसळं आलेली झाडं म्हणजे स्वतःच्याच परागाची. ती उपटून टाकायची.

इथून पुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही, आणि तिच्यावाचून दोन-तीन वर्षं वाया जातात. दाण्याची साल ही आईझाडाच्या अंगाचा भाग आहे. आतला कडक-पिठूळ भाग मात्र परागाशी संयोग होऊन बनतो, म्हणजे तो एक पिढी पुढचा असतो. पहिल्या पिढीच्या झाडावरच्या कणसात सगळ्या दाण्यांची साल एकसारखी असेल, पण आतला गाभा दुसऱ्या पिढीचा, म्हणून एकाच कणसात कडक दाणा आणि पिठूळ दाणा शेजारी शेजारी सापडतील. दुसऱ्या पिढीच्या एका झाडाचं कणीस फोडून ६० टक्के लाही आली, तर ते कणीस मध्यम आहे असं समजू नका. त्यात उत्तम आणि टाकाऊ दाणे एकत्र असू शकतात. म्हणून दुसऱ्या पिढीत लाहीवर कडक निवड करायची नाही. तिथे दाण्याचा आकार, सालीची जाडी (ती झाडाची असल्यामुळे इथे भरवशाची असते, पातळ साल प्रभावी, जाड अप्रभावी), झाडाची उंची, कडब्याची प्रत आणि रोग एवढंच बघायचं. कापून बघितलेले दहाच्या दहा दाणे पिठूळ निघाले तरच लाहीच्या कारणावरून कणीस सोडायचं. चौथ्या पिढीत ओळ बऱ्यापैकी स्थिर होते, तेव्हा कढई बाहेर काढायची.

दुसऱ्या पिढीची चारशे झाडं तरी असावीत. ४५ बाय १५ वर त्यांना २७ चौरस मीटर जागा लागते, पाव गुंठ्याहून थोडीच जास्त. त्याहून कमी झाडांत लहान दाणा, कडक गाभा आणि भरगच्च कणीस एकत्र आलेलं झाड सापडणं अवघड. झाडं वाढवता येत नसतील, तर पहिल्या पिढीवर पुन्हा एकदा लाहीच्या ओळीचा पराग घालावा. मालदांडीचा वाटा पाव होतो आणि लाहीचा गुण लवकर हाती लागतो. कडब्यात थोडं सोडावं लागतं. छोट्या शेतकऱ्याला हाच रस्ता बरा, असं माझं मत आहे.

आता ओल. मार्चमध्ये कापलेला जोंधळा वैशाखाच्या उन्हात घरात पडल्या पडल्या नऊ-दहा टक्क्यांवर येतो. एवढ्या कोरड्या दाण्यात वाफ पुरेशी बनत नाही. तो फुटण्याआधी करपतो. घरोघरी नागपंचमीच्या आदल्या दिवशी जोंधळ्यावर गरम पाणी शिंपडून, फडक्यात बांधून रात्रभर ठेवतात आणि सकाळी सावलीत पसरतात, ते याचसाठी. पद्धत उत्तम, पण वाण निवडायला ती चालत नाही, कारण प्रत्येक गाठोड्यात वेगळी ओल मुरते.

मोठा नमुना असेल तर हिशेबाने पाणी घालावं. वजन गुणिले (हवी असलेली ओल वजा आत्ताची ओल), भागिले (१०० वजा हवी असलेली ओल). ५०० ग्रॅम दाणा १० टक्क्यांवरून १५ वर न्यायचा, तर ५०० गुणिले ५ भागिले ८५, म्हणजे २९.४ मिलिलिटर पाणी. बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं, पहिल्या तासात चार-पाच वेळा हलवायचं आणि दोन दिवस मुरू द्यायचं. काही तासांतच फोडलं तर ओल सालीजवळ असते, गाभा कोरडाच. साल मऊ पडते, वाफ तिच्यातून झिरपते आणि अर्धवट उमललेल्या चपट्या लाह्या निघतात.

एकेका कणसाचे वीस-तीस ग्रॅम दाणे असतील तर पाणी मोजून घालणं निरर्थक आहे. तिथे मिठाचा डबा वापरावा. वीस लिटरचा हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी रुंद भांड्यात मीठ आणि थोडं पाणी कालवून ओला चिखल करा. वर न विरघळलेले खडे दिसत राहिले पाहिजेत. अशा मिठावरची हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, आणि त्या हवेत जोंधळ्याचा दाणा सावकाश १४ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. सगळे नमुने मलमलच्या छोट्या पिशव्यांत, क्रमांक पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठ्यांसह, मिठाला न लागता टांगायचे आणि दोन आठवडे ठेवायचे. ऐंशी नमुने एकाच ओलीवर एका डब्यात येतात, पाणी न शिंपडता. मीठ पाकिटातलं बारीक घ्या. जाड्या मिठात दुसरे क्षार असतात, ते आर्द्रता खाली ओढतात. डबा भिंतीलगत, उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका. रात्री गार झाला की झाकणाखाली थेंब धरतात आणि ते पिशव्यांवर टपकतात. दोन आठवड्यांनी एक जादा नमुना मोजून खात्री करावी. ओल मोजायचं यंत्र गव्हासाठी बेतलेलं असेल तर जोंधळ्यावर चुकतं. ओव्हन असेल तर अख्खा दाणा १३० अंशांवर १८ तास वाळवून आधीच्या-नंतरच्या वजनातला फरक काढणं सर्वांत खात्रीचं.

कढई लोखंडी, जाड बुडाची. तिचा तळ २३० ते २४० अंशांवर आला की दाणे टाकायचे. तापमान मोजायची बंदूक हल्ली स्वस्त मिळते, पण चकचकीत स्टीलवर ती खूप कमी आकडा दाखवते. काळ्या लोखंडावर बरोबर चालते. प्रत्येक नमुन्याचे २०० दाणे मोजून, त्यांचं वजन लिहून घ्यायचं. फुटके, किडके दाणे आधीच वेगळे करायचे आणि त्यांची संख्याही लिहायची. दाणे टाकले की कुंच्याने किंवा काठीला बांधलेल्या फडक्याच्या बोळ्याने सारखं फिरवत राहायचं, वर जाळीचं झाकण. पहिला तडतडाट काही सेकंदांत सुरू होतो, मग एकदम जोर धरतो, आणि आवाज विरळ होऊन दोन तडतडींत तीन सेकंदांचं अंतर पडलं की कढई उतरायची. त्यापुढे ठेवलं तर फुटलेल्या लाह्या तांबूस होतात आणि गणंग मात्र गणंगच राहतात.

मग तीन ढीग: पूर्ण फुललेल्या, अर्धवट, गणंग. मोजून लिहायचं. पूर्ण फुललेल्या मोजपात्रात भरून, तीनदा टिचकी मारून मिलिलिटर बघायचे आणि मूळ वजनाने भागायचे. फुटण्याचं प्रमाण आणि फुगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ओळींत ९० टक्के दाणे फुटतात, पण लाही चण्याच्या डाळीएवढी. शेवटी चार लाह्या तोंडात टाकून बघायच्या, साल टाळूला चिकटते का, आणि तेही लिहायचं. हे प्रत्येक नमुन्याला तीनदा, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. कारण कढई दुपारपर्यंत तापत जाते. क्रमाने फोडत गेलं तर शेवटचे नमुने उगाच चांगले किंवा वाईट ठरतात. दर आठ-दहा नमुन्यांनी ‘फुले पंचमी’ आणि मालदांडी फोडायची. ‘फुले पंचमी’चा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हलला, तर कढईत किंवा आचेत काहीतरी बिघडलं आहे, मधले नमुने पुन्हा घ्यायचे.

यातून वर आलेल्या दहा-बारा ओळी मग १२, १४, १६ आणि १८ टक्के अशा चार ओलींवर फोडून बघाव्यात. मला ही चाचणी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १४ वर ९२ टक्के फुटणारी पण १६ वर ६० ला येणारी ओळ कारखान्याला चालेल, जिथे ओल मोजली जाते. फडक्यात जोंधळा बांधून अंदाजाने मुरवणाऱ्या घराला ती फसवील. १२ पासून १७ पर्यंत कुठेही ८५ देणारी ओळ मी तिच्यापुढे ठेवीन.

एवढं करूनही शेतातल्या आणि खळ्यावरच्या गोष्टी निकाल पालटतात. लाहीची तुलना रब्बीच्याच दाण्यावर करावी. खरिपात दाणा भरताना पाऊस लागला की सालीवर बुरशी येते, सालीला बारीक चिरा पडतात, आणि मग कितीही चांगला वाण असो, वाफ कोंडली जात नाही. रब्बीत खडखड्या रोगाने झाड मध्येच वाळलं तर दाणा सुरकुततो; तशा ओळीचा लाहीचा आकडा धरायचा नाही, पण ती खडखड्याला बळी पडते हे मात्र लिहून ठेवायचं. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उशीर झाला तर खोडमाशी ओळीच्या ओळी खाते आणि तुलनेला झाडंच उरत नाहीत. सगळ्या ओळींना खत सारखं, कारण नत्र जास्त मिळालं की दाणा कडक बनतो.

कापणी दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आल्यावर, पण लगेच नको. त्या वेळी दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास ओल असते. ताटावरच १६-१८ पर्यंत येऊ द्यावी आणि वळवाच्या आधी काढून घ्यावं. मळणी यंत्राचा ड्रम वेगात फिरला की सालीला डोळ्याला न दिसणारे तडे जातात. चाचणीचे नमुने हाताने, काठीने हळू बडवूनच काढावेत. वाळवणं सावलीत, पातळ पसरून. डांबरी रस्त्यावर कडक उन्हात वाळवलेला दाणा बाहेरून लवकर सुकतो, आत ओला राहतो, आणि त्या ताणाने गाभ्यात चीर पडते. संशय आला तर दाणा टॉर्चवर धरून बघा. काचेसारख्या भागात काळी रेघ दिसते.

ओळ पक्की झाली की तिचं बी राखणं हे वेगळंच काम आहे. पायाभूत बियाण्याला इतर जोंधळ्यापासून २०० मीटर आणि प्रमाणित बियाण्याला १०० मीटर अंतर हा सरकारी दंडक. आपल्याकडे बांधाला बांध लागून शाळू असतो, तिथे हे अंतर मिळत नाही. मग दरवर्षी ५० कणसांना पिशव्या चढवून त्यांचंच बी पुढच्या वर्षीच्या बीजवाफ्याला वापरावं. शेजारच्या परागाने धरलेला दाणा त्याच वर्षी लाहीला थोडा कमी पडू शकतो, कारण गाभ्यात परागाचा एक वाटा असतो. पण खरं नुकसान पुढच्या वर्षी दिसतं, जेव्हा मोठ्या दाण्याची उंच झाडं मधूनच डोकं वर काढतात. ती फुलायच्या आधीच उपटायची.

शेतकऱ्याने स्वतः टिकवलेला वाण २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याखाली त्याच्या किंवा गावाच्या नावाने नोंदवता येतो. त्यासाठी ओळीचे गुण लिहिलेली वही लागते, म्हणून पहिल्या वर्षापासून नोंद ठेवा: क्रमांक, पेरणीची तारीख, फुलोऱ्याची तारीख, १०० दाण्यांचं वजन, कडकपणाचे गुण, कोणत्या ओलीवर किती फुटलं. आणि मिठाच्या डब्यात किंवा पाणी घालून मुरवलेला नमुना परत बियाण्यात मिसळू नका. प्रत्येक कणसाचं पेरायचं बी चाचणीच्या आधीच वेगळं काढून, नीट वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत-बाहेर दोन्हीकडे क्रमांक लिहा.